दूध देवाला, हाड कुणाला?

गाय व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कधी कधी उठतच नाही. मान कुशीकडे वळवून बसते, कान गार पडतात. आर्वी तालुक्यात गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली, त्या काळात असा निरोप आला की मी कॅल्शियमची बाटली घेऊनच निघायचो. शिरेतून सावकाश सोडली की गाय बहुधा थोड्या वेळात उभी राहायची. याला दुग्धज्वर म्हणतात, पण अंगात ताप नसतो. दुधावाटे कॅल्शियम भराभर जातं आणि हाडांतून तितक्या लवकर सुटत नाही, म्हणून गाय बसते. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं. हाड ही कणगीच. रोज थोडं भरायचं, रोज थोडं काढायचं.

तर आपण नैवेद्याला ठेवतो त्या दुधात गाईच्या हाडाचा अंश असतो. मग गाय मेल्यावर तेच हाड विटाळाचं कसं होतं?

गवळाऊ जातीच्या गाई पाळणाऱ्या एकाला मी हे विचारलं होतं. तो म्हणाला, “डाक्टरसायेब, जिती होती तवा पाया पडलो तिच्या. आता हाडकाले हात कसा लावू जी?” त्याची माया खरी होती. पण हात लावायला त्यानं ज्याला बोलावलं, त्याला घरात पाणी मात्र वरूनच वाढलं.

या प्रश्नाला वर्ध्याजवळच्या नालवाडीत 1930च्या दशकात एक उत्तर दिलं गेलं. विनोबांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर यांनी तिथे मेलेल्या जनावरांचं चामडं कमावायचं काम उभं केलं. गांधीजींचं म्हणणं होतं की मेलेल्या गुराचं कातडं, हाडं, काहीच वाया जाऊ नये. हाडांचं खत व्हावं आणि हे काम हलकं मानू नये. गोसेवा गाईच्या मरणापाशी थांबत नाही, हे मला त्यातून पटलं.

पण दुसरं उत्तर त्याआधीच, मार्च 1927मध्ये, महाडच्या परिषदेत दिलं गेलं होतं. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडायला सांगितलं, आणि ज्याचं जनावर त्यानंच ते पुरावं अशी मागणी तिथे पुढे आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या माथी हे काम मारलं, त्याला ‘हे काम पवित्र आहे’ असं सांगणं फार सोपं आहे. पवित्र असेल तर पूजा करणाऱ्यानं ते आधी स्वतः करावं. ही दोन उत्तरं मला एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. पहिलं सवर्णांना उद्देशून आहे. आपण मात्र ते दलितांनाच ऐकवत आलो.

गाईला स्वतःला हाडाचा विटाळ नाही. चाऱ्यात फॉस्फरस कमी पडला की ती माळावर पडलेली हाडं चघळते. तेव्हा मालकाला खनिज मिश्रण लिहून द्यायचं आणि हाडं उचलायला लावायची, कारण कुजलेल्या हाडातून बोटुलिझमचं विष पोटात जातं. शुद्ध-अशुद्धाची सारी मांडणी माणसाची. भूक आणि विष मात्र खरं.

निवृत्त झालो तरी लोक विचारतात, गाय मेली, काय करू? मी सांगतो : विहिरीपासून लांब, खोल खड्डा खण, वर चुना टाक. आणि वसुबारसेला जो हात तिला ओवाळतो, त्याच हातानं कुदळ धर.