१ जुलै १९८७

घाटंजीहून नागपूरला शिकायला गेलो, तेव्हा पहिलं जॅकेट तिबेटी लोकांच्या स्वेटर मार्केटमधून घेतलं. दुकानदार माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. "कुठले तुम्ही?" "गोठणगाव." मला ल्हासा ऐकायचं होतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे, हेही मला माहीत नव्हतं.

त्याचे आई-बाबा तिबेटहून आलेले. मोठा भाऊ १९८५ चा, तो कायद्याने जन्मतः भारतीय. हा १९९२ चा, म्हणून परदेशी. १ जुलै १९८७ पासून इथे नुसता जन्म पुरत नाही. आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय लागतं. २००४ मध्ये अट आणखी कडक झाली. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, आणि २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत तिबेट नाही. त्यामुळे जन्मगावी राहायलाही नोंदणीचा कागद, तोही वेळोवेळी नवा करून घ्यायचा.

कोडमध्ये मीही तारखेच्या अटी लिहितो. रेघ कुठेतरी मारावीच लागते, हे मान्य. पण रेघेच्या अलीकडे असणं ही माझी लायकी आहे, असं मी आजवर धरून चाललो होतो. मीही १९८७ नंतरचाच. म्हणजे घाटंजीत जन्मल्यामुळे मी भारतीय नाही. नागरिकत्व मला आई-बाबांकडून मिळालं, घरातल्या जुन्या भांड्यांसारखं. त्यासाठी मी काय केलं? आणि त्याचं काय चुकलं?

पन्नास रुपये कमी करा म्हटलं, तर तो अस्सल झाडीपट्टीच्या हेलात म्हणाला, "नाही परवडत, भाऊ."