तीनशेची घट

खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी कुठवर पोचली आहेत, याचा अंदाज विट्यात बसून येत नाही. परमुलखातल्या सराफ पेठेत फिरताना मागच्या बोळातून तेजाबाचा वास आला की बेलाशक आत शिरावं, 'कोणच्या गावचं?' असं विचारणारा बहुधा भेटतोच. काठमांडूत न्यू रोडच्या मागे असंच एक दुकान होतं. मामा मालक, विशीतला भाचा हाताखाली आणि भट्टीवर पाल्पा जिल्ह्यातला एक पन्नाशीचा गडी. तो मामांना साहुजी म्हणे; भाचा त्याला दाइ म्हणे.

भाच्याचं लक्ष मुशीपेक्षा गल्ल्यात जास्त. त्याचं कारणही होतं. नेपाळात आपल्या पैशाला आयसी म्हणतात, तिथल्या पैशाला एनसी. दोघांचा भाव 1993 सालापासून बांधलेला आहे: शंभर आयसीला 160 एनसी. डॉलर रोज वरखाली होतो, सोनं दिवसातून दोनदा होतं, पण हा भाव जागचा हलत नाही. बँक शंभराची नोट घेताना 160 देते आणि देताना 160 रुपये 15 पैसे घेते. या पंधरा पैशांत कोणाचं पोट भरणार?

पण कागदावर बांधलेला भाव बाजारात तसाच राहतो असं नाही. नेपाळचा बहुतेक माल भारतातून येतो, त्यामुळे आयसीला कायम मागणी आणि कायम तुटवडा. बँकेत मागाल तेवढी मिळत नाही. मग बाहेर शंभराला 162, सणासुदीला, लग्नसराईला 165 सुद्धा पडतात. भाच्यानं हे बरोबर हेरलं. पशुपतिनाथाला आलेल्या यात्रेकरूंच्या बसमधून आपल्याकडची मंडळी उतरत, मराठी ऐकून दुकानात डोकावत, पाचशेच्या नोटा मोडून मागत. पाचशे-हजाराच्या नोटा नेपाळात न्यायला पूर्वी बंदी होती. 2015 साली पंचवीस हजारांपर्यंत मोकळीक मिळाली होती. भाचा त्या नोटा 160नं घेई आणि गरजवंताला 165नं देई. पैसे बदलून द्यायला परवाना लागतो हे त्याला ठाऊक होतं. पण ओळखीत दिलं-घेतलं, त्याला धंदा कोण म्हणतं? अशी समजूत घालून घेणारा तो पहिलाच नव्हता.

दाइच्या मुलीचं लग्न माघात ठरलं होतं. साड्या, भांडी, पेटी असं सगळं सुनौलीची हद्द ओलांडून नौतनव्याच्या बाजारात घ्यायचं, म्हणजे आयसी हवी. दाइ पगारातून थोडी थोडी आयसी मागू लागला. मामांच्या नकळत भाच्यानं त्याला पाचशेच्या बारा नोटा दिल्या. सहा हजार आयसी. बँकेच्या भावानं 9,600 एनसी झाले असते; पगारातून कापले 9,900. दाइनं हिशोब विचारला नाही. नोटा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीत ठेवल्या.

8 नोव्हेंबर 2016च्या रात्री भारतात आठ वाजले होते, काठमांडूत सव्वाआठ. मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बाद झाल्याचं भारताच्या पंतप्रधानांनी टीव्हीवरून सांगितलं. दुसऱ्या दिवशी नेपाळ राष्ट्र बँकेनंही या नोटांचे व्यवहार थांबवले. भारतात निदान रांग तरी होती. 30 डिसेंबरपर्यंत स्वतःच्या खात्यात भरता येत होत्या. ज्याचं भारतात खातंच नाही त्या नेपाळी माणसानं कोणत्या रांगेत उभं राहायचं? दोन सरकारांमध्ये पत्रं जात-येत राहिली, आणि लोकांच्या पेट्यांतल्या नोटा पेट्यांतच राहिल्या. निम्म्या भावानं त्या उचलणारे दलाल मात्र लगेच उगवले.

दाइ चौथ्या दिवशी प्लास्टिकची घडी घेऊन आला. भाच्याचं खातं विट्याच्या बँकेत होतं आणि डिसेंबरमध्ये तो गावी जाणारच होता. त्यानं मनातल्या मनात आकडे जुळवले.

"दाइ, आता याचा कागद झालाय. पण तुम्ही आपलेच. पाच हजार एनसी देतो."

दाइनं मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली, ते कळायच्या आत आतून मामांचा आवाज आला, "आरं, जरा हिकडं ये."

मामा कसोटीवर काहीतरी घासत बसले होते. पाटीवर चांदीच्या दोन जुन्या मोहरा. कोणीतरी टंच काढायला दिलेल्या. मामा चौथीपर्यंत शिकलेले, पण काठमांडूत तीस वर्षं चांदी हाताळून त्यांना इथल्या राजांची ओळख त्यांच्या नाण्यांवरून झाली होती. माणसं ओळखायची ही रीत काही वाईट नाही.

"ही गोरख्यांची. चांदी बरी हाय. आन् ही त्याच्या आधीच्या मल्लांची, भक्तपूरची. बघ कस किती फिका उठलाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत, मूस सांभाळत. तिबेटकडे तेव्हा स्वतःचं नाणं नव्हतं. सतराव्या शतकापासून तिथली चांदी केरुंग आणि कुतीच्या घाटांनी खाली काठमांडूच्या खोऱ्यात यायची आणि मल्ल राजांच्या टांकसाळीतून तिची नाणी होऊन वर जायची. वजनास वजन. चांदी द्यायची शुद्ध, नाणं घ्यायचं थोड्या मिश्रणाचं, आणि मधला फरक टांकसाळीचा. तेवढ्यावर दोन्ही बाजूंचं चाललं होतं. नाणं बनवायला खर्च येतो, तो तिबेटलाही मान्य होता. पण फरकाची चटक लागली. शेवटच्या मल्ल राजांच्या हाती पैसा कमी आणि वैरी दाराशी; रणजित मल्लाच्या भक्तपूरनं तर चांदीत तांबं वाढवत नेलं. नाण्यावरचं नाव तेच राहिलं, वजनही तेच. ल्हासाच्या बाजारात ती नाणी साठत गेली.

गोरख्यांच्या पृथ्वीनारायण शाहनं 1768 ते 69 या काळात खोरं जिंकलं आणि चांगल्या चांदीचं नाणं काढलं. आता प्रश्न आला बदलण्याचा. गोरखे म्हणाले, आमचं नाणं खरं, तेव्हा जुनी जास्त द्या आणि नवी कमी घ्या. तिबेट म्हणालं, ही जुनी तुमच्याच मुलखातून आली, आम्ही त्यांना चोख चांदी मोजली होती. एकास एक घ्या. मला स्वतःला यात दोघांपैकी एकालाही खोटं ठरवता येत नाही. गोरख्यांनी भेसळ केली नव्हती आणि तिबेटनंही केली नव्हती. ज्यांनी केली ते राज्य गमावून बसले होते, आणि त्यांचा नफा कधीच खर्च झाला होता.

पृथ्वीनारायण 1775 साली वारला तरी भाव ठरला नाही. तिबेटहून येणाऱ्या मिठात माती असते, अशा आणखीही तक्रारी होत्याच. 1788 साली गोरख्यांची फौज घाट चढून गेली. तह झाला, खंडणी ठरली, ती थकली. 1791मध्ये शिगात्सेचा टाशील्हुन्पो मठ लुटला गेला. मग चीनच्या बादशहाची फौज उतरली ती 1792मध्ये थेट नुवाकोटच्या अलीकडे, बेत्रावतीपर्यंत. नेपाळला लूट परत करावी लागली आणि दर पाच वर्षांनी पेकिंगला नजराणा धाडायचं कबूल करावं लागलं. ल्हासात त्यानंतर स्वतःची नाणी पडू लागली. म्हणजे नेपाळचं जे गिऱ्हाईक शंभरावर वर्षं टिकलं होतं, तेही गेलं.

भाच्याला लढाई आवडली असावी. "पण मामा, आपण कुठं भेसळ केली? नोट सरकारनं बाद केली."

"व्हय, सरकारनंच केली," मामा म्हणाले. "त्याचा दोष तुझ्या माथी नाही. पर दाइच्या पेटीत ती कुठनं गेली?"

भाचा गप्प.

"कापले किती होते?"

"शंभराला 165."

मामांनी मूस चिमट्यानं उतरवली. त्यांचा सगळा धंदा घटीवर चालतो. सोनं गाळलं की थोडं जळतंच. ते सराफाला आधी सांगायचं आणि वहीत लिहायचं, म्हणजे उद्या तोच सराफ पुन्हा येतो. न सांगता मुशीला चिकटलेलं ठेवून घेणारेही याच बोळात होते. त्यांची दुकानं चालतात, हेही खरं. दर वर्षी एखाददुसरं बंद होतं इतकंच.

"त्याला 9,900 दे. आन् नोटा घे."

"मामा, बँकेचा भाव 160 आहे. 9,600 होतात."

"देताना बँक आठवली नव्हती व्हय?"

भाच्यानं गल्ला उघडला. मामांनी तो बंद केला आणि त्याच्या पगाराच्या वहीकडे बोट दाखवलं. दाइनं पैसे घेतले, दोनदा मोजले. आपण आणलेल्या कागदाचे इतके कसे आले, याचा अंदाज त्याला लागेना; त्यानं साहुजींकडे बघितलं, साहुजी कसोटी पुसत होते.

डिसेंबरात भाचा गावी गेला, विट्याच्या बँकेसमोर अर्धा दिवस उभा राहिला आणि बारा नोटा खात्यात भरल्या. परत आल्यावर मामांनी घटीची वही पुढे सरकवली. त्यानं नाव घातलं स्वतःचं, धातूच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना म्हणून तो मोकळा सोडला, आणि घट लिहिली 300.

त्या महिन्याच्या पगाराला दाइनं लग्नासाठी पुन्हा आयसी मागितली. भाचा बँकेतून आणायला निघाला, तसा दाइ दारापर्यंत मागे आला.

"भाइ, अबदेखि सयकै नोट ल्याउनुस् है. पाँच सयको चाहिँदैन."