आजारी मुलाच्या वतीने कोणी बोलायचे?

मोठ्या माणसाच्या उपचारात शरीर ज्याचे, होकार त्याचा, हे आता सर्वमान्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2008 साली समीरा कोहली खटल्याच्या निकालात तेच सांगितले. मूल आजारी पडले की मात्र हे सूत्र अपुरे पडते. दुखणे मुलाचे असते, सही आईबापांची असते आणि रोगाची माहिती डॉक्टरांकडे असते. बारा वर्षांखालील मुलाची संमती जुने भारतीय दंडविधान सामान्यतः मानत नव्हते, 2024 मध्ये लागू झालेली भारतीय न्याय संहिताही मानत नाही. पालकांना हा अधिकार मिळतो तो कशाच्या बळावर? मूल त्यांचे आहे म्हणून, की त्याला सर्वांत जवळून तेच ओळखतात म्हणून? पहिले उत्तर धरले तर पालक मालक ठरतात, दुसरे धरले तर साक्षीदार आणि विश्वस्त. बालरुग्णालयात पालकांचे स्थान काय असावे, हा वाद शेवटी या दोन उत्तरांमधला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगी शुश्रूषेची जाण, दक्षता, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता असावी, अशी अपेक्षा आहे. रोग्याच्या चार गुणांत एक गुण असा की त्याला आपले दुखणे सांगता यावे. तान्हे मूल इथेच अडते. काश्यपसंहितेने ही अडचण ओळखून वेदनाध्याय हा स्वतंत्र अध्यायच रचला. मूल डोके इकडून तिकडे फिरवते, डोळे मिटून घेते, रात्री कण्हते, तेव्हा त्याचे डोके दुखते आहे असे समजावे. हात पुन्हा पुन्हा कानाकडे नेते तेव्हा कान. ही चिन्हे घटकाभर येऊन जाणाऱ्या वैद्याला सहसा दिसत नाहीत. रात्र जागून काढणाऱ्या माणसाला दिसतात. सुश्रुताने तर दूधपित्या मुलाचे औषध त्याला दूध पाजणाऱ्या धात्रीलाही द्यायला सांगितले, दूध आणि अन्न दोन्ही घेणाऱ्याच्या बाबतीत दोघांना, आणि मूल पूर्ण अन्नावर आले की फक्त मुलाला. रोगी कोण, याची सीमा वयाबरोबर सरकते, हा विचार त्यात आहे. चरकाने चारही पादांत वैद्याला प्रमुख मानले हेही विसरून चालणार नाही. शुश्रूषा करणारा चिकित्सेचा भाग आहे म्हणजे तो वैद्याच्या बरोबरीचा जाणकार आहे, असा अर्थ तिथे नाही.

विसाव्या शतकातल्या युरोपीय रुग्णालयांनी मात्र आईबापांना वॉर्डाबाहेर काढले. संसर्गाची भीती हे एक कारण होते. दुसरे कारण असे की आई भेटून गेली की मूल रडते, न भेटल्यास शांत राहते. ही शांतता म्हणजे काय, हे बालमनाचे अभ्यासक जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील मुक्कामाचे चित्रीकरण करून दाखवले. आधी आक्रोश, मग निराशा, मग आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरवणे, असा तो क्रम होता. परिचारिका ज्याला मूल रुळले म्हणत, ते खरे तर मुलाने आशा सोडणे होते. 1959 मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने मुलांना भेटण्याची बंधने उठवावीत आणि लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. ती सर्वत्र अमलात यायला पुढे बरीच वर्षे लागली.

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत गोष्ट वेगळी आहे. इथे नातेवाईक कधी बाहेर गेलेच नाहीत, ते खाटेखाली चटई टाकून झोपतात. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोचवणे, बाहेरच्या दुकानातून इंजेक्शन आणणे, एक्स-रेसाठी मुलाला कडेवर घेऊन दुसऱ्या इमारतीत जाणे, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणे, ही सगळी कामे त्यांचीच. राऊंड सुरू झाला की मात्र ‘नातेवाईकांनी बाहेर थांबा’. श्रमात आणि खर्चात भागीदार असलेले कुटुंब माहितीत आणि निर्णयात भागीदार नसते, हे इथले खरे दुखणे आहे. त्यामुळे पाश्चात्त्य रुग्णालयांतली सुधारणा जशीच्या तशी उचलून इथे भागणार नाही. पालकांना आत घेण्याचा प्रश्न इथे बराचसा सुटलेला आहे, त्यांना सांगण्याचा सुटलेला नाही.

नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग तेवढा पालक आत असण्याला अपवाद. तिथे आई बराच काळ काचेबाहेर उभी होती. 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडू लागले, तेव्हा कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवण्याची पद्धत सुरू झाली. नाइलाजातून निघालेली ही वाट पुढे शास्त्राने पक्की केली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच हा सहवास मिळालेल्या बाळांत 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 12 टक्के होते. स्थिर झाल्यावर तो मिळालेल्यांत 15.7 टक्के. आईला आत घेणे ही इथे सवलत राहत नाही, तोच उपचार ठरतो. भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही 2017 मध्ये नवजात विभागांत कुटुंबाच्या सहभागासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

पालकांचे निरीक्षण न ऐकण्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. 2021 मध्ये लंडनमधील एका रुग्णालयात तेरा वर्षांच्या मार्था मिल्सचा मृत्यू झाला. तिची तब्येत ढासळते आहे, हे आईवडील सांगत होते. त्यातून आलेला ‘मार्थाचा नियम’ 2024 पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. काळजी वाटल्यास पालकांना दुसऱ्या तज्ज्ञ चमूला थेट बोलावता येते.

तरी साक्षीदार चुकतो आणि विश्वस्तही कधी विश्वास मोडतो. पैसे संपले म्हणून, शेतीची कामे अडली म्हणून, ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असे लिहून देऊन मूल घरी नेले जाते; मूल मुलगी असेल तर हे लवकर घडते, असा अनुभव बालरोगतज्ज्ञ सांगतात. काही पालक श्रद्धेपोटी रक्त द्यायला नकार देतात. अशा वेळी पालकांची इच्छा हा शेवटचा शब्द मानता येत नाही, कारण श्रद्धा आईबापांची असते आणि जीव मुलाचा. मोठ्याने स्वतःच्या श्रद्धेसाठी स्वतःचा जीव पणाला लावावा, मुलाचा लावू नये. याउलट मनगटाचा गंडा, कपाळाचा अंगारा, बोललेला नवस यांनी उपचार अडत नाही. सुई टोचायला जागा हवी म्हणून न विचारता गंडा कापून टाकणारा डॉक्टर आईचा विश्वासही तिथेच कापतो. विचारले तर बहुतेक आया तो स्वतःच सोडून दुसऱ्या हाताला बांधतात.

या सगळ्यात मुलाचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने 1989 मध्ये, वय आणि समज पाहून मुलाचे मत विचारात घ्यावे असे म्हटले आणि भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली. वैद्यकीय संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या सूचना सात वर्षांपासून मुलाचा तोंडी आणि बारापासून लेखी होकार मागतात. रोजच्या उपचारात मात्र ‘त्याला काही सांगू नका’ हीच रीत आहे. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांमध्ये राहून 1978 साली ग्रंथ लिहिला. आपण मरणार हे त्या मुलांना कळलेले असे, पण आईबापांना त्रास होऊ नये म्हणून तीच न कळल्याचे सोंग करीत. मुलाला वाचवण्यासाठी लपवलेल्या गोष्टीचे ओझे असे उलट मुलावरच पडते.

भागीदारीच्या नावाखाली आणखी एक गैरप्रकार शिरतो. व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की काढायचा, अशा घडीला ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून कागद पुढे सरकवला जातो. आईबापांना आयुष्यभर पुरेल असा अपराधभाव देऊन डॉक्टर मोकळा होतो. त्याने आधी आपले मत, त्यामागची कारणे आणि खात्री कुठे नाही हे सांगायला हवे, आणि तेही आईच्या भाषेत. मुंबईच्या वॉर्डात ती भाषा मराठीच असेल असे नाही; भोजपुरी किंवा बंगालीही असू शकते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वेळ लागतो आणि समजावून सांगणारा समुपदेशक लागतो. सरकारी बालरोग विभागांत आज कमतरता आहे ती याच दोहोंची.