ध्येय हुकल्यावर हाती काय उरतं?

वसई तालुक्यात नायगाव स्टेशनच्या पश्चिमेला असलेल्या उमेळे गावात संकल्पांचे दोन जुने हंगाम आहेत. ख्रिस्ती घरांत राखेच्या बुधवारी ४० दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो, मग कुणी मटण सोडतं, कुणी दारू. हिंदू घरांत श्रावण लागतो. आता त्यात पहिल्या जानेवारीची भर पडली आहे: वजन उतरवायचं, इंग्रजी सुधारायचं, स्पर्धा परीक्षा काढायची. पहिल्या दोन हंगामांत माणूस आपल्या वागण्यापुरतं बोलतो. तिसऱ्यात तो निकालाविषयी बोलतो, आणि निकाल बहुतेक वेळा परीक्षकाच्या, मालकाच्या किंवा नशिबाच्या हाती असतो. मग ऊठसूट ‘देवाची मर्जी’ म्हणणाऱ्या श्रद्धावंताने असलं ध्येय ठरवावंच का? माझं मत असं की जरूर ठरवावं; फक्त ते हुकलं तर हाती काय उरेल, हे ठरवतानाच पाहावं.

याला पुरावा वसईतच आहे. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांच्या (जेझुइटांच्या) हाताखाली शिकून तो कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. येशूसंघात प्रवेश मिळवायचा, हे त्याचं ध्येय. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं, जपानी भाषा आत्मसात केली. पण संघाने त्याला घेतलं नाही. तो बाहेर पडला, व्यापारात शिरला, त्यात त्याचा जमही बसला. पुढे मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, तोही साधा धर्मबंधू म्हणून. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी निघाले, तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता आणि गोन्सालोला जपानी येत होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत श्रद्धेपायी क्रुसावर दिलेल्या २६ जणांत तो होता. १८६२ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केलं. आज वसईतल्या महाविद्यालयाला त्याचं नाव आहे. तिथे प्रवेश घेणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल, की या माणसाला स्वतःला हवा होता तो प्रवेश कधी मिळालाच नाही?

यावर कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की ही पश्चातबुद्धी झाली. शेवट थोर झाला म्हणून मधलं अपयश गोड लागतं. नागासाकी घडलं नसतं, तर गोन्सालो म्हणजे नाकारला गेलेला एक व्यापारी, एवढंच. आक्षेप रास्त आहे. म्हणून हौतात्म्य बाजूला ठेवू. तो व्यापारीच राहिला असता असं धरलं, तरी भाषा त्याची होती आणि ज्यांना शिकवलं त्यांना दिलेलं शिक्षण खरं होतं. ही कमाई संघाच्या होकारावर अवलंबून नव्हती. मात्र प्रत्येक प्रयत्नाचं असं होत नाही, हेही कबूल करायला हवं. स्पर्धा परीक्षेच्या मागे लागून वयोमर्यादा ओलांडलेल्या मुलाला ‘तुझी मेहनत वाया जात नाही’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. केवळ एका प्रश्नपत्रिकेपुरती केलेली घोकंपट्टी खरोखरच वाया जाते. म्हणूनच उरणारं काय, हा प्रश्न आधी विचारायचा. निकालानंतर तो सांत्वनापलीकडे जात नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. निकालावरची नजर काढली की माणूस सैलावतो, आणि निष्काम कर्माच्या नावाखाली आळस पोसला जातो. आपल्याकडे हे पुष्कळ झालं आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांना गीता कर्मत्याग नव्हे तर कर्मयोग सांगते, हे एवढ्या विस्ताराने मांडावं लागलं ते उगाच नव्हे. पण निकाल सोडणं म्हणजे हिशेब सोडणं नव्हे. ज्या संघाने गोन्सालोला घेतलं नाही, त्याच संघाच्या संस्थापकाने, इग्नेशियस लोयोला यांनी, १५४८ मध्ये छापलेल्या आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात एक चोख पद्धत दिली आहे. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करायचा. दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर तासातासाचा झाडा घ्यायचा, आणि दिवसाच्या दोन रेघांवर जितक्या चुका तितके ठिपके द्यायचे. मग रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. मोबाइलवर पावलं मोजणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. पण इथे मोजलं जातं ते फक्त स्वतःच्या हातातलं; संत होईपर्यंत किती ठिपके उरले, असं कोष्टक त्यात नाही. देवाची मर्जी आणि माणसाची शिस्त यांचं भांडण मला इथे मिटलेलं दिसतं. मर्जी निकालावर चालते, ठिपके माझेच असतात.

तेव्हा पुढच्या राखेच्या बुधवारी, श्रावणात किंवा पहिल्या जानेवारीला वहीत ध्येय लिहाल, तेव्हा त्याखाली आणखी एक ओळ लिहा: हे मिळालं नाही, तरी वर्षाअखेरीस मला काय येत असेल? त्या ओळीपुढे लिहायला काहीच सुचलं नाही, तर ध्येय बदला.