नव्व्याण्णव क्रमांकाची बायको

लबाडी कशाला म्हणावे, हा प्रश्न मला टेलिव्हिजनवरच्या एका फार्सने घातला, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. असले प्रश्न गीतेने नाही तर सॉक्रेटिसाने घालावेत, असा आपला समज. पण गेल्या पावसाळ्यात नातवाने ‘गेट स्मार्ट’ ही जुनी अमेरिकन मालिका लावून दिली आणि आम्ही दोघे रात्रीच्या जेवणानंतर तिच्यापुढे बसू लागलो.

१९६५ ते १९७० या काळात तिचे १३८ भाग झाले. बाँडच्या चित्रपटांनी तेव्हा जगाला वेड लावले होते. मेल ब्रुक्स आणि बक हेन्री या विनोदकारांनी त्या हेरगिरीची टर उडवण्यासाठी हा खेळ रचला. नायक मॅक्सवेल स्मार्ट, हेर क्रमांक ८६. बुटात टेलिफोन, डोक्यात पोकळी. त्याची जोडीदारीण क्रमांक ९९. १९६८ साली त्यांचे लग्न होते, पुढे जुळी मुले होतात, तरी तो तिला ‘नाइन्टी-नाइन’च म्हणतो. तिचे खरे नाव प्रेक्षकांना अखेरपर्यंत कळत नाही. माझ्या आईने उखाण्याबाहेर वडिलांचे नाव कधी घेतले नाही. इथला उलटा प्रकार पाहून आमची ही भलतीच खूश झाली.

गुप्त बोलण्यासाठी त्यांच्या कचेरीत एक पारदर्शक घुमट छतातून खाली येतो. आत बसलेल्या दोघांना मात्र एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही! संसाराचे इतके चोख चित्र मी तरी दुसरे पाहिलेले नाही. पण ते असो.

खरी गोष्ट ९९ ची आहे. ती नवऱ्यापेक्षा हुशार आहे. युक्ती बहुधा तिला सुचते, ती हळूच बोलून दाखवते, आणि मॅक्स ती आपलीच म्हणून ठणकावून सांगतो. ती कौतुकाने पाहत राहते. तिचे काम करणारी बार्बरा फेल्डन नायक डॉन अ‍ॅडम्सहून उंच होती. ते दिसू नये म्हणून ती पोक काढून, कशाला तरी टेकून किंवा बसून अभिनय करी. हे कळल्यापासून मला तिच्या खांद्यांखेरीज दुसरे काही दिसेना.

ही लबाडी म्हणावी की माया? आजोबा कॅरममध्ये नातवाकडून हरतात, त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. पण नातू लहान असतो, हीच तर गोम आहे. ज्याच्यासाठी आपण वाकतो त्याला आपण मनातल्या मनात लहान ठरवलेले असते. त्या मायेत किंचित कीव आलीच. आणि वाकणाऱ्याच्या पाठीचे काय? पण मला सर्वांत बोचते ते मॅक्सचे न पाहणे. इतकी वर्षे शेजारी उभ्या असलेल्या बाईची उंची ज्याला दिसत नाही, तो फसवला गेला म्हणायचे की त्याने फसवून घेतले? दुसऱ्याने पुरवलेले अज्ञान सोयीचे असले म्हणजे मनुष्य ते फारसे तपासत नाही.

एका रात्री मॅक्स असाच तिची युक्ती सांगत होता, आणि ही हसली. जरा जास्तच हसली.

दर रविवारी आम्ही शब्दकोडे सोडवतो, म्हणजे मी सोडवतो. ही शेजारी भाजी निवडत असते. मी अडलो की म्हणते, “असं काहीसं असेल का हो?” आणि अर्धा शब्द उच्चारते. उरलेला अर्धा मला सुचतो आणि मी मोठ्या दिमाखात लिहितो. चाळीस वर्षे हा क्रम आहे.

“अगं, तूही वाकतेस की काय?” मी विचारले.

“इश्श! काहीतरीच तुमचं,” म्हणून ती उठून गेली. हे उत्तर होते की नव्हते, हे मी रात्रभर ठरवीत होतो.

पुढच्या रविवारी मी पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने आधी नको नको केले. मग चष्मा लावला, आणि भाजीची परात बाजूला सारून पाऊण तासात सगळे कोडे भरले. फक्त एक आडवा शब्द रिकामा होता, चार अक्षरांचा.

“हा तुमच्यासाठी ठेवलाय,” ती म्हणाली.

तो तिला येत होता की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.