न पाहिलेले ज्ञान

‘मला ठाऊक आहे’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा उच्चारतो! पण ठाऊक असणे म्हणजे नेमके काय? या प्रश्नाचे उत्तर मला एका परक्या क्रियापदाने सुचवले.

सुमारे २,५०० वर्षांपूर्वी दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनी या भागात एक भाषा बोलली जात असे. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या तिच्याच लेकी. तिच्यात ‘मी जाणतो’ याला ‘*वाइत्’ आणि ‘आम्ही जाणतो’ याला ‘*वितुम्’ म्हणत, असे पंडित मानतात. संस्कृतची रूपे घोकणारी आमच्या शाळेतली पोरेही म्हणतील, ‘गुरुजी, हे तर आपले वेद आणि विद्म!’ खरेच आहे. दोहोंचे मूळ एक, आणि त्या मुळाचा अर्थ ‘पाहणे’. रूपाची घडण पूर्ण झालेल्या क्रियेची, अर्थ मात्र चालू काळाचा: मी पाहिले आहे, म्हणून मी जाणतो. साक्षीदाराला इंग्रजीत ‘विटनेस’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला.

आता गंमत पाहा. ‘पाहिले म्हणून जाणतो’ असे सांगणारे हे रूप स्वतः मात्र कोणी पाहिलेले नाही! लेकींचे चेहरे ताडून आईचा चेहरा रेखाटावा, तसे ते सिद्ध केलेले आहे. म्हणूनच पंडित त्याच्या डोक्यावर तारका ठेवतात. ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने १९व्या शतकात ही रीत रूढ केली. ती तारका म्हणजे नुसती शंका नव्हे, तो प्रामाणिकपणा आहे: हे अनुमान आहे, दर्शन नव्हे.

सगळेच डोळ्यांनी पाहायचे म्हटले तर संसार चालणार नाही, हे मलाही कळते. अनुमान म्हणजे खोटे नव्हे. खोटेपणा सुरू होतो तो तारका पुसली की. तुळशीचे लग्न लागले की स्थळांच्या चौकशा सुरू होतील. ‘त्या घराचे मला सगळे ठाऊक आहे,’ असे कोणी पान जुळवता जुळवता बोलून जाईल, आणि कुठेतरी एका मुलीचे ठरत आलेले लग्न मोडेल. बोलणाऱ्याने पाहिलेले काहीच नसते. कानावर आलेले त्याने डोळ्यांच्या नावावर खपवलेले असते.

मेलेल्या भाषेच्या एका शब्दाबद्दल पंडित इतकी काळजी घेतात. जित्या माणसाच्या अब्रूबद्दल आपण निदान तेवढी घ्यायला नको का?