एका गोणीचा हिशेब

आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या घरी मराठी बोलतात, पण गावतळ्याला चेरुवूच म्हणतात. घरच्या बायका बतुकम्मेची फुले त्याच पाण्यात सोडतात.

माझे कापसाचे शेत त्या चेरुवूच्या उतारावर आहे. एका श्रावणात पीक पिवळे दिसले म्हणून मी युरियाची एक गोणी जास्तीची टाकली. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. त्याच रात्री मोठा पाऊस झाला. पंधरवड्यात पाणी हिरवेगार झाले आणि एका पहाटे मासे उलटे तरंगताना दिसले. "अन्ना, चेपलु सच्चिनय्," मासे मेले, एवढेच भोई म्हणाला. त्याने कोणाला दोष दिला नाही. देणार तरी कोणाला? उतारावर शेते पुष्कळ आहेत.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. पाण्यातले काही जीवाणू प्राणवायूच्या मदतीने अमोनियाचे नायट्रेट करतात. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले. तळच्या गाळात प्राणवायू नसतो. तिथले दुसरे जीवाणू नायट्रेटवरच श्वास भागवतात आणि नत्र वायुरूपाने हवेत परत जाते. आमचे वाहून आलेले खत ते असे निस्तरतात. पण भार फार झाला की शेवाळ माजते, रात्री पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे मरतात, आणि पहिल्या जीवाणूंचे कामही थांबते.

हे जीव आपल्यावर उपकार करायला बसलेले नाहीत. ते फक्त जगतात. मग त्यांचे ऋण कसले? आणि माझ्या एका गोणीने असे काय बिघडले? या दोन प्रश्नांआड मी बरेच दिवस लपलो. पण एका जीवाणूच्या एका श्वासानेही काही होत नाही. तरी चेरुवू निवळतो तो अशाच श्वासांनी. न दिसणाऱ्या वाट्यांनी चांगले घडते हे मानायचे, तर न दिसणाऱ्या वाट्यांनी घडलेले वाईटही आपले मानावे लागते.

आता मी खत थोडेथोडे, आभाळ पाहून देतो. भोयाला मात्र त्या गोणीचे अजून सांगितलेले नाही. हा लेख त्याला वाचता येणार नाही. तो तेलुगू वाचतो. तेव्हा काठावर जाऊन, त्याच्याच भाषेत सांगावे लागेल.